साक्षीदाराच्या पायाशी

मी एक जुनी, कोर्टात नोकरी केलेली कुत्री आहे. नाव जुनिपर. मित्रांनो, खरं तर मला अंधांना वाट दाखवायला शिकवलं होतं; पण कबुतर दिसलं की मी वाट सोडायची, म्हणून नापास झाले. मग फ्रेस्नो शहराजवळच्या एका कोर्टानं मला ठेवून घेतलं.

काम एकच. ज्याच्यावर अत्याचार झाला, तो साक्ष द्यायला बसला की त्याच्या पायांवर हनुवटी टेकून पडून राहायचं. ज्युरी, म्हणजे निकाल देणारे नागरिक, आत यायच्या आधीच मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लपवत, माझे डोळे बघून कुणी विरघळायला नको म्हणून. खूप कौतुक झालं, पेपरात फोटोही आला. पण इतकी वर्षं ऐकतेय, माणसं काही शिकतील तर शपथ!

येसेनियाचंच घ्या. ती एका हॉटेलात स्वयंपाक करायची. मॅनेजरनं तिला शीतगृहात गाठलं आणि छातीला हात घातला. ती ओरडून सुटली, तडक पोलिसांत गेली. साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर, मी पायाशी बसले असताना, तिची ऑफेलिया मावशी तिच्या कानाशी लागली.

"पोरी, बलात्कार केला म्हणून सांग. नाहीतर म्हणतील, नुसता हात तर लावला."

"पण मावशी, तसं झालं नाही."

"झालं नाही म्हणून तर सुटेल ना तो! अक्कल कधी येणार तुला?"

मी डोकं फरशीवर टाकलं. पुन्हा तेच! येसेनियाची बोटं माझ्या पट्ट्यात रुतली होती. ती डळमळत होती. ते एक खोटं वाक्य बोलली असती, तर समोरच्या वकिलानं तिचा पोलिसांतला जबाब पुढे केला असता आणि खरं घडलेलंही कुणी मानलं नसतं.

तेवढ्यात सरकारी वकील हाकोबियन बाई आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मावशी, मनाविरुद्ध संभोग केला तर तो बलात्कार. मनाविरुद्ध, वासनेनं खासगी भागाला हात लावला, अगदी कपड्यांवरून, तरी तो लैंगिक हल्ला. वेगळा गुन्हा, वेगळं कलम. शिक्षा कमी, पण हा काही अर्धवट राहिलेला बलात्कार नव्हे."

"मग कमी शिक्षेसाठी एवढे हाल कशाला?"

"मी त्याला नको म्हटलं होतं, मावशी," येसेनिया म्हणाली आणि उठली.

आत बचावाच्या वकिलानं आवाज चढवला. "म्हणजे बलात्कार झाला नाही?"

"नाही."

"मारहाण?"

"नाही."

"मग झालं तरी काय, बाई?"

तिचे पाय माझ्या गळ्याखाली होते. मी सगळा भार त्यांच्यावर टाकला.

"मी नको म्हणत असताना त्यानं माझी छाती दाबली. तेवढं सांगायला आलेय. त्यात मी भर घालणार नाही आणि तुम्हाला कमीही करू देणार नाही."

ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. मावशीनं आपली शाल येसेनियाच्या खांद्यांवर घातली, तिचे डोळे पुसले आणि पुटपुटली, "बलात्कार म्हणाली असतीस तर जास्त वर्षं आत गेला असता."

घ्या! आता काय डोकं आपटावं?

मित्रांनो, आता माझे सांधे धरलेत, कोर्टातली नोकरीही सुटलीय. एकच मागणं आहे. कुणी तुमच्यापाशी येऊन असं काही सांगितलं, तर ते कमी की जास्त हे मोजत बसू नका. त्यासाठी कायदा आहे. तुम्ही नुसतं जवळ बसा. कबुतरामागं धावणाऱ्या कुत्रीला जमलं, तुम्हाला का जमू नये?