अठ्ठेचाळिसावं पान

मित्रांनो, माझी पाठ हिरव्या दोऱ्याने शिवलेली आहे. शिंप्याच्या यंत्राखालून गेलेली वही तुम्ही कधी पाहिली नसेल. मी तशी एक जुनी वही आहे, आणि त्या दोऱ्याचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

बाइंडरने मला हजेरीपट म्हणून बांधलं होतं. जाड पुठ्ठा, दोनशे पानं, ताठ मान. पण मी जाऊन पडले कंट्रोल रूममध्ये. कुठे आग लागली, कुणाचा श्वास अडकला, की लोक जिथे फोन करतात ती ही खोली. पाच टेबलं, पाच फोन. तिसऱ्या टेबलावर ताई बसायची. मी आले तेव्हा ती सगळ्यांची ताई होती. माझी पानं भरत आली तोवर मावशी झाली.

घाबरलेला माणूस सगळ्यात आधी काय विसरतो, माहीत आहे? स्वतःचा पत्ता. "लवकर या हो," एवढं म्हणून फोन ठेवून द्यायचा. कोण कुठून बोलतंय हे दिसायची तेव्हा सोय नव्हती. म्हणून ताई आधी विचारायची, "दारातून बाहेर बघा. काय दिसतं?" जे दिसेल ते माझ्यात लिहायची. एकाने सांगितलं, समोर म्हैस बांधलीय. ताई म्हणाली, "दादा, म्हैस सुटली तर गाडी कुठे थांबवू? न चालणारं काहीतरी सांगा." अशी मी खुणांची वही झाले. गाडीचे ड्रायव्हर आधी माझी चौकशी करायचे, मग चहाची.

एका दुपारी फोन वाजला आणि पलीकडे कुणी बोलेना. नुसती टकटक. शेजारच्या टेबलावरचे भाऊ म्हणाले, "पोरं खेळतायत. ठेव." ताईने ठेवला नाही. म्हणाली, "बोलता येत नसेल तर एकदा वाजवा." टक. "पाण्याच्या टाकीच्या अलीकडे असाल तर एकदा, पलीकडे असाल तर दोनदा." टक, टक. असं एकेक विचारत तिने गाडी दारात पोहोचवली. ती एक शिंपीण होती. तिला ऐकू येत होतं, वाचा नव्हती. घरात ती आणि नवरा, दोघंच. नवऱ्याला फिट आली होती. तो वाचला.

आठवड्याने ती आभार मानायला आली. हातांनी बरंच काही बोलली, ताईला त्यातलं निम्मं कळलं. मग तिची नजर माझ्या उसवलेल्या पाठीवर गेली. तिने मला काखोटीला मारलं आणि दुसऱ्या दिवशी शिवून आणून दिलं. त्याच दिवशी दोघींचं ठरलं आणि माझ्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर आलं: 'तीन टकटक म्हणजे शिंपीण. टाकीमागे, हिरवी पायरी. नवऱ्याला फिट येते. आधी गाडी काढा, मग विचारा.' पुढे चार वेळा टकटक आली. चारही वेळा तो वाचला.

मग नवी यंत्रणा आली. खोटं कशाला बोलू, चांगली होती. फोन वाजताच पडद्यावर नकाशा, नकाशावर ठिपका. डोंगरात वाट चुकलेल्या एका मुलीला नुसतं रडता येत होतं, तरी ती सापडली. मला ते जमलं नसतं. त्रास एकच होता, खिशातल्या खिशात चुकून लागणारे फोन, दिवसाला शेकडो. म्हणून ठरलं की दहा सेकंद माणसाचा आवाज ऐकू आला नाही, नुसती खडखड असली, तर यंत्रणाच फोन तोडेल. टेबलापर्यंत तो येणारच नाही. बोलता न येणाऱ्यांचे नंबर मात्र आधी भरून ठेवायचे, म्हणजे त्यांचे फोन तुटणार नाहीत.

माझ्यातल्या ओळी नव्या यंत्रणेत भरायला मावशी महिनाभर मला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली. अठ्ठेचाळिसाव्या पानाशी अडली. नंबर नव्हता, आणि नंबराशिवाय फॉर्म पुढे सरकेना. "रविवारी जाऊन घेऊन येते," म्हणाली. तो रविवार बहिणीकडे गेला, पुढचा अंगदुखीत. यंत्रणा बसवणारा चष्मेवाला इंजिनीअर म्हणाला, "मावशी, एक ओळ राहिलीय."

"राहू दे रे. तिची टकटक मी झोपेतही ओळखेन. मी आहे ना."

कुठली ओळ, हे त्याने पाहिलं नाही. मला कपाटात ठेवलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं, मावशी आहे ना.

त्यानंतर पाचव्या महिन्यात, एका दुपारी, कुणीतरी मावशीच्या टेबलावर बोटाने वाजवलं. टक, टक, टक. मावशीने मान वर केली नाही. आधी डोळे मिटून घेतले.

शिंपिणीने कागदावर लिहून दिलं, 'काल सकाळी. अकरा वेळा लावला.' इंजिनीअरने यादी काढली. अकरा फोन, प्रत्येक दहा सेकंदांचा. शेजाऱ्यांना बोलवायला ती गेलीच नव्हती. टकटक केली की गाडी निघते, इतकी वर्षं निघत आली होती.

"मी इथेच होते गं," मावशी म्हणाली. "सकाळभर इथेच बसले होते."

शिंपिणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. का ठेवावा? तिने मला कपाटातून काढायला लावलं, आपल्याच दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि रिकाम्या जागी आपला नंबर लिहिला. आता ती घरात एकटीच असते. मावशीने फॉर्म भरला. अर्धं मिनिट लागलं.

मित्रांनो, नव्या यंत्राला नावं ठेवू नका. ते सांगितलेलं चोख करतं, सांगायचं मात्र माणसाने असतं. जुन्याचं नव्यात उतरवताना एखादी ओळ उरली, तर "माझ्या लक्षात आहे" म्हणून उठू नका. ती ओळ म्हणजे कुणाचं तरी घर असतं.

मी आता पुन्हा तिसऱ्या टेबलावर असते. पान अठ्ठेचाळीस पुरं झालं आहे. 'नवऱ्याला फिट येते' एवढंच मावशीला खोडायचं आहे. ती रोज पेनाचं टोपण काढते, थोडा वेळ बसते, आणि पुन्हा लावून ठेवते.