सतराव्या कुंडीतलं गवत

गवतावर पीएचडी करणाऱ्या मुलीबद्दल चारचौघांत काय सांगायचं, हे तिच्या आईला कधी उमगलं नाही. "ती बॉटनीत आहे," एवढं बोलून ती पाहुण्यांपुढे चहा सरकवायची.

मुलीचा जीव जडला होता तो कालव्याच्या बांधावरच्या एका रानगवतावर. दोन निराळ्या जातींचा आपसूक झालेला हा संकर आईबापांपेक्षा हातभर उंच होता, पण वांझ. एकीकडून सात गुणसूत्रं आली, दुसरीकडून चौदा. बी धरायच्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात, आणि या एकवीस जणांत त्या काही केल्या जुळत नव्हत्या. तीन वर्षांत तिने हजारो कणसं चिमटीत दाबून पाहिली, सगळी फोल. गवत पसरायचं ते जमिनीखालच्या फुटव्यांनी. म्हणजे सगळी रोपं एकाच साच्यातली, असं तिने आणि तिच्या सरांनी धरूनच टाकलं होतं.

काचघरामागच्या अंगणात या गवताच्या चाळीस कुंड्या होत्या आणि त्यांची देखभाल मामांकडे होती. मामा म्हणजे विभागाचे माळी. तीस वर्षांची नोकरी झालेली. विभागप्रमुखसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे. एका सकाळी पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "मॅडम, सतराव्या कुंडीला चिमण्या लागल्यात."

"लागू देत की मामा. चिमण्या कशातही चोच मारतात."

"बाकीच्या एकोणचाळीस कुंड्यांकडे ढुंकून बघत नाहीत. हिच्यावरच तुटून पडतात. उगाच का?"

ती हसली आणि कामाला लागली. मामांनी वाद घातला नाही. तीन आठवड्यांनी त्यांनी तिच्या टेबलावर कागदाची एक पुडी ठेवली. चिमण्या येऊ नयेत म्हणून त्यांनी परस्परच उरलेल्या कणसांवर मलमलची पिशवी बांधली होती. पुडीत अकरा दाणे होते. बारीक, तपकिरी, टणक.

तीन वर्षं ती जे नाही म्हणून सांगत होती, ते पुढ्यात पडलं होतं.

तिने लगेच सतराव्या कुंडीतल्या मुळाचं टोक कापलं, रंगवलं, काचेखाली दाबलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना प्रत्येक गुणसूत्रावर कागदावर टिंब दिलं. बेचाळीस.

सर आले, बघितलं आणि म्हणाले, "दुसऱ्याच कुठल्या गवताचं बी पडलं असेल कुंडीत. हुरळून जाऊ नकोस."

त्यांचंही चूक नव्हतं. तिने पानं डीएनए तपासणीला पाठवली. महिन्याने निकाल आला. सतराव्या कुंडीत तेच गवत होतं, त्याच दोन आईबापांचं. फक्त कधीतरी, बांधावर उभ्या उभ्या, एका फुटव्यात सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली होती. आता प्रत्येकाला स्वतःच्याच नकलेचा जोडीदार मिळत होता. वांझ म्हणून हिणवलेल्या गवताने स्वतःचा संसार स्वतः मांडला होता, आणि आता ते दोन्ही आईबापांपासून वेगळं, स्वतःच्या पायावर उभं होतं.

"मामा, या कुंडीतलं गवत बांधावर नेमकं कुठून आणलं होतं?"

"चला, दाखवतो."

बांधावर मामा सरळ पुलाजवळच्या गवताच्या बेटाशी गेले. तिथून त्यांनी पानं बोटांत चोळत चोळत पुढे चालायला सुरुवात केली. कालव्याच्या लोखंडी दारापाशी थबकले. "हेही तसलंच दिसतंय. पान जाड आहे बघा, रंगही गडद."

तपासणीत तेही बेचाळीसचंच निघालं. शिवाय त्याची डीएनएतली वंशखूण पुलाजवळच्या बेटापेक्षा वेगळी होती. म्हणजे दोन निरनिराळ्या संकर रोपांनी, एकमेकांना न विचारता, तीच करामत केली होती. जे गवत तीन वर्षं एकाच साच्यातलं म्हणून गृहीत धरलं, त्यात एवढी विविधता नांदत होती. निकाल घेऊन ती पुन्हा बांधावर आली आणि मातीतच बसून राहिली. तिला गवताचं कौतुक जास्त वाटत होतं की मामांचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

शोधनिबंध लिहिताना तिने मामांचं नाव लेखकांत घातलं. सर म्हणाले, "आभारात टाकू ना."

"पिशवी त्यांनी बांधली, सर. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं."

सर उठून स्वतःच अंगणात गेले, कुंड्यांमधलं स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मामा, ते जाड पान कसं ओळखायचं, मला शिकवा बरं."

निबंध छापून आला तेव्हा तिने त्याची प्रत मामांना दिली. ओळींवरून बोट फिरवत त्यांनी आपलं नाव शोधलं आणि कागद काळजीपूर्वक खिशात ठेवला. "बायकोला दाखवतो. तिला वाटतं, मी इथे नुसतं पाणी घालतो."

मग त्यांनी पेरलेल्या अकरा दाण्यांतून उगवलेल्या नऊ रोपांकडे मान वळवली. "यांना आता मोठ्या कुंड्या लागतील, मॅडम. जोरात आहेत पोरं."