हवेतल्याची जमीन

शिट्टी वाजली आणि मास्तरांची उजवी मूठ वर गेली. आता डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं होतं. मनगट धरलं की मोठा फाउल, नुसती मूठ म्हणजे साधा. डावा हात निघालाही होता. छातीपर्यंत आला, शिट्टीची दोरी नीट केल्यासारखं केलं, आणि गुपचूप खाली गेला.

"साधा," मास्तर टेबलाकडे बघून ओरडले.

ज्याला साधा मिळाला तो त्यांचाच पोरगा होता.

खारू म्हणायचे त्याला. उंची बेताची, पण सरसर कुठूनही निसटायचा. समोर जो पालथा पडला होता तो शिडी. नावासारखाच लांबलचक, बास्केटला हात पोचायला फक्त टाचा उचलायच्या. शिडीने उडी मारून चेंडू सोडला आणि तो हवेत असतानाच खारूने त्याच्याखाली पाय सरकवला होता. शिडी उठला, गुडघे झटकले, हसला.

"काय रे, पायपुसणं टाकतोस का खाली?"

सगळे हसले. मास्तर सोडून.

आता कुणी म्हणेल, बापाने पोराच्या सामन्यात शिट्टी घेतलीच कशाला? घेतली नव्हती, गळ्यात पडली. ठरलेला पंच सकाळीच तापाने फणफणला. दुसरा एकटाच उरला, चष्म्याचं दुकान चालवणारा. त्याला प्रेक्षक म्हणायचे, "अरे, दुकानातलाच एखादा घालून ये की!" मग दोन्ही प्रशिक्षक मास्तरांच्या मागे लागले. शिडीचा प्रशिक्षक तर म्हणाला, "मास्तर, तुम्ही स्वतःच्या सावलीलासुद्धा फाउल द्याल. आमची काही हरकत नाही."

मास्तर फुगले. तिथेच माती खाल्ली. कौतुकाने माणूस जेवढा आंधळा होतो तेवढा मोतीबिंदूनेही होत नाही.

तसे ते आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पंच व्हायचे. घरी जेवताना मात्र रोजच पंच. समोर पेला उभा करायचे, वाटी सरकवायचे आणि सुरू.

"हा पेला म्हणजे उडी मारणारा. चेंडू सुटला की अख्ख्या जगाची मान वर. पंचाचीसुद्धा. तेवढ्यात ही वाटी खाली घुसते. धक्का नाही, हात लावणं नाही. नुसती हवेतल्याची जमीन चोरायची. वर्षातून एखाद्या वेळी दिसतं, म्हणून कुणी बघतच नाही. आणि उतरणारा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला की संपलं. घोटा गेला, गुडघा गेला."

"मग तुम्ही काय बघता?" खारू विचारायचा.

"चेंडू गेला खड्ड्यात. उडालेल्याचे दोन्ही पाय टेकेपर्यंत नजर काढायची नाही."

"अहो, पेला लवंडेल," आई म्हणायची. "तुमची ती जमीन शेवटी मलाच पुसावी लागते."

खारू खी खी हसायचा. पण हसता हसता सगळं डोक्यात भरत होता. वाटी कधी घुसते, मान कधी वर जाते, सगळं.

आणि आज त्याच्यावर तशीच वेळ होती. मैदानाच्या कडेला झाडाखाली तिघं बसले होते, मोठ्या संघासाठी पोरं निवडायला. एकच जागा. निवड झाली की राहायला वसतिगृह, पुढेमागे नोकरी. शाळेशी तर खारूचं कधीच फाटलं होतं. हे एकच दार किलकिलं होतं आणि त्या दारात शिडी उभा होता. उड्या मारून काही तो अडत नव्हता. मग खारूने वाटी सरकवली. चष्मेवाला बास्केटखाली असताना, बरोब्बर हिशोबाने. फक्त हिशोबात बाप धरला नाही. की धरला होता, कोण जाणे.

साधा फाउल देऊन झाल्यावर मास्तर त्याच्या जवळून गेले. ओठ न हलवता म्हणाले, "परत केलंस तर याद राख."

"काय केलं मी?" खारू घाम पुसत म्हणाला. "साधाच तर दिलात."

मास्तरांच्या कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं. पण खेळ सुरू झाला होता.

शेवटी शेवटी खारूचा संघ एका गुणाने पुढे. चेंडू शिडीकडे आला. शिडी उडाला. झाडाखालचे तिघं वर बघत होते, चष्मेवाला वर बघत होता, पोरं, पोरांचे आईबाप, सगळ्यांच्या माना वर. एकटे मास्तर खाली बघत होते. निळ्या नाडीचा बूट आला. ती नाडी त्यांनीच आणून दिली होती. बूट सरकला, थांबला. त्यावर शिडीचा पाय उतरला आणि नको त्या बाजूला वळला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

मग शिडीचा आवाज. तो ऐकून वरच्या सगळ्या माना खाली आल्या.

मास्तरांनी दोन्ही मुठी डोक्यावर नेल्या. याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. खेळाडू बाहेर, मैदानाबाहेर, थेट.

"अहो, काय झालं काय? मला तर काहीच दिसलं नाही," चष्मेवाला धापा टाकत आला.

"मला दिसलं," मास्तर म्हणाले. मुठी वरच होत्या. खाली घ्यायच्या त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते इस्पितळात गेले. शिडीची आई खाटेशेजारी बसली होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि बसायला स्टूल दिलं. "चालेल म्हणतात डॉक्टर. पळायचं मात्र काही सांगत नाहीत," एवढंच बोलली. शिडी भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचे पाय खाटेत मावत नव्हते.

मास्तर बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर खारू. कधीपासून बसला होता कुणास ठाऊक. मांडीवर शिडीचा बूट. सुजलेल्या पायातून काढता येईना म्हणून कात्रीने उभा कापलेला.

"आत जाऊन आलास?"

"त्याने तोंड फिरवलं."

मास्तर शेजारी बसले. खारू बुटाची कापलेली कड जुळवून बघत होता. सोडली की परत उघडायची.

"बाबा, तुमचा डावा हात वर आला होता. पहिल्या वेळी. मी बघितला."

मास्तरांनी डावा हात खिशात घातला.

"मनगट धरणार होतात ना?"

"होय."

"धरलं असतंत तर प्रशिक्षकांनी मला तिथेच बाकावर बसवलं असतं. शिव्या घातल्या असत्या. पण हा आज पळत असता." त्याचा आवाज फाटला. "पाय माझाच होता, बाबा. कबूल. पण तुम्ही बघत होतात ना? तुम्ही तर कायम खालीच बघता. मग का नाही धरलंत?"

"ते तिघं झाडाखाली बसले होते," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, तुझं..."

खारूने मान हलवली, हिशोब कळल्यासारखी. बूट हळूच बाकावर ठेवला आणि उठला.

"कुठे चाललास? आई वाट बघतेय. थांब, लिफ्टने जाऊ."

"नको. मी जातो पायऱ्यांनी."

"घरी येशील ना?"

खारू पायऱ्या उतरू लागला. मास्तर कठड्याशी जाऊन उभे राहिले. हाक मारावी असं फार वाटलं, पण मारली नाही. मग आयुष्यभर जे जमलं तेवढंच त्यांनी केलं. पोराच्या पायांवर नजर ठेवली. एक मजला, वळण, दुसरा मजला. आज पायात साध्या चपला होत्या. शेवटच्या पायरीवरून दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही.