उरेल अशी बाटली

आमच्या मराठवाड्यात कुणी ‘या एकदा’ म्हटलं तर ते निमंत्रण नसतं. ते ‘बरं, निघतो’चंच जरा इस्त्री केलेलं रूप असतं. समोरच्यानं त्यावर ‘येऊ की’ म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या गाडीला लागायचं, अशी रीत आहे. ती बिनबोभाट चालली होती. जालना बसस्थानकाच्या बाकावर बसल्या बसल्या बद्रीनाथांनी ती एका शब्दात मोडली.

मच्छिंद्र म्हणाला, “या एकदा साहेब शहागडला. मटण करू.”

बद्रीनाथ म्हणाले, “कधी?”

मच्छिंद्र हा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. जालन्यात मोतीबिंदू काढून घेतला होता आणि डोळ्यावर काळा चष्मा लावून शहागडची गाडी धरायला आला होता. ‘कधी?’ असं विचारलेलं त्याला उभ्या आयुष्यात ऐकायला मिळालं नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मदतीला कोणी आलं नाही, तेव्हा तो म्हणाला, “मंग... ऐतवारी?”

“बराबर,” बद्रीनाथ म्हणाले.

बद्रीनाथही निवृत्तच, त्याच स्थानकावरचे कंट्रोलर. ‘अंबड, शहागड, गेवराई मार्गे बीडकडे जाणारी गाडी’ कुठल्या फलाटावर लागली आहे, हे भोंग्यातून सांगणारा जो आवाज अर्ध्या जिल्ह्याच्या कानात अजून बसलेला आहे, तो त्यांचा. आता तिथं रेकॉर्ड केलेली बाई बोलते. ती चुकत नाही आणि तिला घरी जायची घाईही नसते. घरी जायची घाई बद्रीनाथांनाही नव्हती. बायको झुंबरबाई दोन वर्षांमागं गेली, मुलगा राधेश्याम पुण्याला. म्हणून ते रोज येऊन बाकावर बसत, बाईचं ऐकत आणि मनातल्या मनात तिचे उच्चार सुधारत.

झुंबरबाई गेल्यापासून त्यांना कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. आधी त्यांना वाटलं, लोक सुतकाचं धरून बसले असतील. मग वाटलं, लोक विसरले. खरं काय झालं ते त्यांना एका दुपारी फडताळ आवरताना कळलं. त्यात दुसऱ्याच्या घरचं एकही भांडं नव्हतं.

झुंबरबाई कुणाकडं रिकाम्या हातानं जात नसे. खण-नारळ आणि स्टीलच्या डब्यात धपाटे नाहीतर शेंगदाण्याचे लाडू. येताना डबा ती तिथंच विसरत असे, आणि हे विसरणं फार लक्षात ठेवून केलेलं असे. डब्यावर नाव कोरलेलं, त्यामुळं तो पचवायची कुणाला सोय नव्हती. आठ दिवसांनी त्या घरची बाई डबा घेऊन येई, आणि रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून त्यात काहीतरी घालून आणी. बोलता बोलता तिचा एखादा वाडगा इकडं राही. मग वाडगा पोचवायला हे दोघं निघत. सगळं येणंजाणं असं भांड्यांवर चाललं होतं. बद्रीनाथांचा मात्र समज होता की लोक आपल्या बोलण्यासाठी येतात. ती गेल्यावर भांडी आपापल्या घरी गेली, आणि त्यांच्यामागं माणसंही.

तेव्हा शहागडला जायचं तर नुसतं जाऊन उपयोग नव्हता. हे निमंत्रण त्यांनी मच्छिंद्रकडून काढून घेतलं होतं, हे त्यांनाही कळत होतं. दुसरं निमंत्रण त्याच्या तोंडून आपणहून यायला हवं होतं. त्यासाठी मागं काहीतरी राहायला हवं. पण एकट्या पुरुषानं न्यायचं काय? ओटी त्यांना भरता येत नव्हती, लाडू त्यांच्याकडून वळले जात नव्हते. पेढे नेले तर घरातली माणसं उभ्या उभ्या संपवतात आणि मागं खोका राहतो, आणि पेढ्यांचा खोका परत करायला कोणी आल्याचं ऐकिवात नाही.

मग त्यांना व्हिस्की सुचली. मच्छिंद्रला ती आवडते, हे मुक्कामाच्या गाडीवर रात्र काढलेल्या प्रत्येक कंडक्टरला ठाऊक होतं. आणि तिच्यात एक गुण होता. ती उरते. उघडलेली, अर्धी राहिलेली, दोघांत सुरू केलेली बाटली एकट्यानं संपवायची म्हणजे अवघडच, एवढी माणुसकी ड्रायव्हर लोकांत असते. राहिलेली संपवायला मच्छिंद्र त्यांना बोलावणारच होता.

जालना हे लोखंडी सळयांच्या कारखान्यांचं गाव. दारूच्या दुकानाची जाळीही गावाच्या लौकिकाला शोभेल अशी होती. तिच्यातून आत बघत बद्रीनाथ शनिवारी सकाळी उभे राहिले. ते स्वतः घेत नसत म्हटलं तरी चालेल, त्यामुळं काय मागायचं ते त्यांना कळत नव्हतं. आत विकायला बसलेल्या कल्याणनं किती माणसं आहेत ते विचारलं. दोन, बद्रीनाथ म्हणाले.

“मंग अर्धी घ्या. बराबर पुरंल.”

“उरंल का?”

कल्याणनं हातातली बाटली खाली ठेवली. ‘पुरंल का’ हा प्रश्न त्याला दिवसभर लोक विचारत. कुणी काळजीनं, कुणी हिशेबानं, कुणी जाळी धरून. ‘उरंल का’ असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“अर्धी न्हाई उरायची,” तो म्हणाला.

“मंग पूर्ण द्या.”

“पूर्ण दिली तर दोन माणसं पूर्ण पितेत साहेब. आसा अनुभव हाय.”

बद्रीनाथ विचारात पडले. मागं रांग वाढत होती, पण गर्दीची त्यांना सवय होती. बाटली उरवायचीच असेल तर काय करावं, असं त्यांनी सरळ विचारलं. कल्याणनं प्रश्न मनावर घेतला. धंद्यात असलं गिऱ्हाईक पुन्हा भेटायचं नाही, हे त्याला कळलं असावं.

“महागाची घ्या,” तो म्हणाला. “महागाची माणूस जपून पितो. अन् खोक्यातली घ्या. खोकं असलं की झाकून परत ठिवावी वाटती.”

हे शास्त्र बद्रीनाथांना पटलं. किंमत ऐकून त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, पण बाटली घेतली. कल्याण म्हणाला, “तुमचा आवाज कुठंतरी ऐकेल हाय.”

“गेवराई, बीड,” बद्रीनाथ म्हणाले.

कल्याणला ते तिकडचे पाहुणे वाटले. त्यानं बाटली वर्तमानपत्रात आणखी एकदा गुंडाळली.

रविवारी बद्रीनाथ शहागडच्या फाट्यावर उतरले. खड्डे आले की मांडीवरची पिशवी ते दोन्ही हातांनी वर उचलून धरत, त्यामुळं शेजारच्या बाईनं त्यांना, देव बसवायला नेताय का, असं विचारलं होतं. मच्छिंद्र काळा चष्मा लावून फाट्यावर उभा होता. घर हायवेपासून जवळच, मागं मोसंबीची झाडं. झाडाखाली बाज टाकलेली होती. बद्रीनाथांनी खोकं काढून त्याच्या हातात दिलं.

मच्छिंद्रनं ते हातात तोललं. चांगल्या डोळ्यासमोर नेऊन सोनेरी अक्षरं वाचली. बायकोला, गोजरबाईला, हाक मारून दाखवलं. मग बाजेवर मधोमध ठेवलं आणि त्याच्याकडं बघत बसला.

“डॉक्टरनं महिनाभर बिलकुल बंद सांगितलंय साहेब,” तो म्हणाला. “थेंब न्हाई.”

“मंग सांगायचं न्हाई का?”

“तुम्ही हे घेऊन येताल हे कोणाला माहीत. तुम्ही तर चहाबी अर्धाच पीत व्हते.”

काळा चष्मा बद्रीनाथांनी पहिल्या दिवसापासून पाहिला होता. त्याचा बाटलीशी काही संबंध असेल, हे त्यांना दिसलं नव्हतं.

पण पाहुण्याला कोरडं बसवायचं म्हणजे बरं दिसत नाही. मच्छिंद्रनं बाटली फोडली, बद्रीनाथांच्या ग्लासात ओतली आणि सोबत म्हणून स्वतःच्या ग्लासात पाणी घेतलं. ज्याला पाहिजे होती तो पाणी पीत होता आणि ज्याला नको होती तो शिष्टाचार. बद्रीनाथांनी एवढासा घोट घेतला. तो कडू लागला, पण मच्छिंद्र इतक्या आशेनं त्यांच्या तोंडाकडं बघत होता की त्यांनी चांगली आहे म्हणून सांगितलं. कशी चांगली, मच्छिंद्रनं विचारलं. त्याला सविस्तर हवं होतं.

मटण झणझणीत होतं. बद्रीनाथ जेवले आणि मुख्य म्हणजे बोलले. शहागडचा पूल, रात्रीत फुटलेला टायर, गाडीत बसून राहिलेला बोकड. कितीतरी दिवसांनी आपण वाक्य सुरू केलं आणि ते दुसऱ्यानं संपवलं, असं होत होतं. शेवटी मच्छिंद्र म्हणाला, “साहेब, एकदा म्हणा ना. आपली गाडी.”

बद्रीनाथांनी आधी नाही म्हटलं. मग घसा साफ केला. “अंबड, शहागड, गेवराई मार्गे बीडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी कृपया जागा घेऊन घ्यावी.” मोसंबीतून आवाज पार बांधापर्यंत गेला. गोजरबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिघांनीही फाट्याकडं पाहिलं. गाडी काही आली नाही.

निघताना मच्छिंद्रनं ग्लासातली बाटलीत परत ओतली, बाटली खोक्यात घातली, खोकं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बद्रीनाथांच्या पिशवीत ठेवून दिलं. झाकणभरही कमी झाली नव्हती. उरण्याच्या बाबतीत बेत अपेक्षेबाहेर पार पडला होता. बद्रीनाथ म्हणाले, राहू दे इथंच, महिन्यानं घेऊ.

“नको भाऊजी,” गोजरबाई म्हणाली. “डोळ्यापुढं राह्यली तर ह्यांचा डोळा राहायचा न्हाई. तुम्ही एकलेच आसता. तुम्हाला होईल सोबत.”

शिवाय रात्रीसाठी म्हणून तिनं मटण बांधून दिलं होतं, श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. “डबा टाकून द्या,” ती म्हणाली. “परत आणायची तकलीफ नको.”

तिनं ते मायेनंच म्हटलं. मच्छिंद्र गाडीपर्यंत सोडायला आला आणि गाडी हलताना म्हणाला, या एकदा. बद्रीनाथ ‘कधी’ विचारणार होते. पण त्यांनी खिडकीतून हात केला आणि ‘येऊ की’ म्हणाले.

घरी त्यांनी श्रीखंडाचा डबा घासला. वास जाईना म्हणून लिंबू लावून परत घासला, पुसला, झाकण लावलं आणि फडताळात ठेवला. बाटली शेजारी ठेवली. दुसऱ्याच्या घरून आलेल्या दोन वस्तू होत्या आणि दोघींनाही परत जायचं नव्हतं. राधेश्यामचा फोन आला, पप्पा जेवलात का, म्हणून. ते जेवलो म्हणाले. कुठं, ते त्यानं विचारलं नाही.

तीन-चार दिवस बद्रीनाथ बाकावर गेले नाहीत. फडताळ उघडायचं, बघायचं, बंद करायचं, असं चाललं होतं. सोबत म्हणून दिलेली बाटली रात्री ग्लासात ओतून पाहिली. ती काही बोलली नाही. त्यांनी ग्लासातली परत बाटलीत ओतली. शेवटी एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की आजवर आपण सगळा विचार पाहुण्याच्या बाजूनं केला. बाटली उरली होती हे खरं. फक्त ती भलत्या घरी उरली होती. म्हणजे बोलवायचं काम आता त्यांच्याकडं आलं होतं.

त्यांनी मच्छिंद्रला फोन लावला आणि या एकदा जालन्याला, असं सांगितलं.

“येऊ की साहेब,” मच्छिंद्र रीतसर म्हणाला.

“कधी?”

फोनमध्ये हायवेवरचे ट्रक जाताना ऐकू येत होते. बरेच गेले. मग मागून गोजरबाईचा आवाज आला, की बेस्तरवारी डोळ्याची तारीख हाय न्हाई का तिथं.

“हाय,” मच्छिंद्र म्हणाला.

“मंग जेवायलाच ये,” बद्रीनाथ म्हणाले. “मटण न्हाई जमायचं मला. पिठलं येतं.”

फोन या हातातून त्या हातात गेला. “पिठलं करा भाऊजी,” गोजरबाई म्हणाली. “भाकरी अन् ठेचा मी ह्यांच्याजवळ डब्यात देते. माझ्या नावाचा डबा हाय, स्टीलचा. ह्यांच्याकडं परत देऊ नका, हे गाडीत विसरतेत. तुम्हीच आणून द्या.”

बद्रीनाथ ‘बरं’ म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुसरं ताट काढायला ते स्टुलावर चढले. ते सगळ्यात वरच्या फळीवर गेलं होतं.

बाटलीचं फोनवर कोणी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरचा महिना सरायला अजून वेळ होता, त्यामुळं ती गुरुवारीही उरणारच होती. कल्याणला एकदा जाऊन सांगायला हवं होतं.