मंगळीचा हात

बोईसर स्टेशनाजवळच्या एका लहान दवाखान्यात खंडेराव ड्रेसर होता. सकाळी फरशी पुसायची, पट्ट्या उकळायच्या, आणि हाड मोडलेले पोर आले की डॉक्टरांनी हाड बसवेपर्यंत त्याला घट्ट धरायचे. नऊ वर्षे तो हेच करत होता. "तू धरलंस की क्लोरोफॉर्म कशाला हवं रे?" असे डॉक्टर सर्वांदेखत म्हणत, आणि खंडेरावाची छाती फुगे.

क्लोरोफॉर्म नव्हते असे नाही. तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम सुरू झाले होते. तिथल्या साहेबांची, कंत्राटदारांची मुले आली की क्लोरोफॉर्मचे कपाट उघडले जाई. डोंगरपाड्यांवरची मुले आली की बंद राही. "काटक असतात हे लोक. यांना दुखत नाही," डॉक्टर सांगत, आणि दवाखान्यात सारे मान डोलावत.

तीन आठवड्यांपूर्वी बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरून चिमी आपल्या मंगळीला घेऊन आली. सात वर्षांची पोर. गवताच्या गाडीवरून पडून मनगटाच्या वर हात मोडला होता. खंडेरावाने तिला धरले, डॉक्टरांनी हात ओढला. मंगळीच्या तोंडून आवाज निघाला नाही.

"बघ, दुखतंय का हिला काही?" डॉक्टर म्हणाले.

"नाही साहेब," खंडेराव म्हणाला. पण त्याच्या तळव्यांखाली ते एवढेसे अंग थरथरत होते. पोरीने टेबलावरच लघवी केली होती. ती त्यानेच पुसली, आणि पुसताना तिच्याकडे पाहायचे टाळले.

अंग आखडल्यामुळे हाड वाकडे बसले. काल प्लास्टर काढले तेव्हा ते दिसले. "उद्या आण. परत मोडून बसवू," डॉक्टर म्हणाले.

चिमी निघाली तसा खंडेराव तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला.

"बाय, उद्या सकाळी पोरीला काही खायला देऊ नका. पाणीसुद्धा नको."

"उपाशी ऱ्हायला काय शिकवता, दादा?" चिमी हसली. "ता आमाला येतं."

खंडेरावाला मान वर करवली नाही.

आज मंगळी टेबलावर निजली. चिमीला बाहेर बसवले.

"धर," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, मी नाही धरणार."

"का? हात दुखतो तुझा?"

"माझा नाही. तिचा दुखतो. तिला क्लोरोफॉर्म द्या."

"डोकं फिरलं काय तुझं? आणि ही पोटभर खाऊन आली असेल. गुंगीत ओकली तर?"

"उपाशी आहे. मीच काल सांगितलं होतं."

डॉक्टर लाल झाले. "उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"नाही येत. पण आज तिला झोपवल्याशिवाय हात लावलात, तर बाहेर बसलेल्या माणसांना नऊ वर्षांचं सगळं सांगेन. मी काय केलं तेही सांगेन."

डॉक्टरांनी बाहेरच्या बाकांकडे पाहिले. मग त्यांनी कपाटाची किल्ली काढली.

नाकावरच्या कापडावर थेंब पडत गेले. मंगळीचे डोळे मिटले. हाड पुन्हा मोडले, सरळ केले, ओले प्लास्टर चढले. तिला धरावे लागले नाही.

चिमीला आत बोलावले. गुंगी उतरू लागली तशी मंगळी रडायला लागली. भान नसलेले, मोकळ्या गळ्याचे रडणे. चिमी धावली आणि तिने पोरीच्या तोंडावर तळवा दाबला.

"नको रडू गो! मागल्या येळी सांगितलेलं ना? रडलीस तर हाकलून देतील आपल्याला!"

नऊ वर्षे. अशी किती तोंडे मिटून टेबलावर आली असतील, आणि खंडेराव "नाही साहेब" म्हणत आला होता.

त्याने पुढे होऊन चिमीचा हात हळूच बाजूला केला.

"रडू दे, बाय. कुणी हाकलत नाही."

बाकांवरची माणसे दाराशी गोळा झाली होती. डॉक्टर नळाखाली हात धरून तसेच उभे होते, पाणी वाहत होते. मंगळी रडत होती आणि सगळे ऐकत होते.