इंदिराच्या वरच्या खोल्या

जळते मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ऐकताना कुणी तोंड वाकडं करायला नको. मागच्या गल्लीत माझी धाकटी जाऊ राहते, इंदिरा. गेल्या नोव्हेंबरात तिने घरावर मजला चढवायला घेतला आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

त्यात आमचं घर त्याच महिन्यात विकायला काढलेलं. इंदूरला अन्नपूर्णा भागात, मंदिरापासून दोन गल्ल्या सोडून, पाच खोल्या, पुढे अंगण, वर गच्ची. राहणारे दोघंच, मी आणि हे, म्हणजे बाबूराव, वीज मंडळातून रिटायर. मुलगा ज्ञानदीप हैदराबादला, मुलगी धम्मदीना पुण्याला. दिवाळीच्या सुट्टीत दोघं आले, जेवून हात धुतले आणि मीटिंगच भरवली. आई, तुझे गुडघे. बाबा, तुमचं बीपी. गच्ची गळते, वायरिंग तीस वर्षांचं, पाइप सडलेत. ह्यांनी दुरुस्तीचा अंदाज काढून ठेवला होता, तो ऐकून ज्ञानदीप म्हणाला, "एवढ्यात तर नवी गाडी येते, बाबा! कशाला घालता ह्या घरात? विका आणि तुकोगंजला लिफ्टवाला फ्लॅट घ्या. डॉक्टर एकदम बाजूला."

खोटं कशाला बोलू, सगळ्यांत मोठ्याने हो मीच म्हटलं. पाच खोल्या झाडायच्या कुणासाठी? मुलं वर्षातून चार दिवस येणार, त्यातले दोन झोपण्यात घालवणार. आणि वर तो एप्रिल.

एप्रिलचं सांगते. चौदा तारखेला महूला बाबासाहेबांच्या जयंतीला जायचं म्हणून भुसावळ, अकोला, खंडवा इकडचे आमचे सगळे नातेवाईक आदल्या दिवशी इंदूरला येतात आणि आमच्याकडे उतरतात. माझे सासरे महूच्या छावणीत नोकरीला होते, तेव्हापासूनची ही पद्धत. पंचवीस माणसं, तीस, एका वर्षी बेचाळीस. हॉलमध्ये बायका, गच्चीवर पुरुष, बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन लाइन. तीस वर्षं मी हे केलं आणि तीस वर्षं कटकटही केली. त्या दिवाळीला माझी नणंद, सखुअक्का, भुसावळहून आली होती. तिच्यासमोर मी हात जोडून म्हटलं, "अक्का, आता बस झालं. येत्या एप्रिलपासून माझ्या दाराकडे कुणी बघू नका. धर्मशाळा बंद!"

सगळे हसले. इंदिरा तिथेच ताटं उचलत होती. ती नाही हसली.

पंधरा दिवसांत तिच्या दारात रेती येऊन पडली.

मी भाजी आणायला मुद्दाम त्या गल्लीतून जायला लागले. एरवी गुडघे दुखतात म्हणून दारातल्या ठेल्यावरून घेते, पण तेव्हा बरी चालत होते! विटा आल्या, सळया आल्या, जानेवारीत स्लॅब पडला. मिलिंदभाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, बँकेत साधे कारकून होते. ह्यांच्यापेक्षा पगार नेहमी कमी. मुलगी एकच, संबोधी, ती लग्न करून भोपाळला. मग हे कुणासाठी?

"काय गं, एवढं बांधतेस, राहणार कोण?" मी एकदा रस्त्यातून विचारलंच.

"असू द्या ताई, कामाला येतील खोल्या," म्हणाली. सरळ उत्तर देईल तर ती इंदिरा कसली.

ठेकेदार मात्र भलताच उत्साही निघाला. "अरे दीदीजी, ऊपर आके तो देखो! क्या काम किया है अपन ने!" म्हणून त्याने मला वर नेलं. दोन मोठ्या खोल्या, चारी बाजूंनी खिडक्या. आणि बाथरूम! पाय घसरू नये म्हणून खरबरीत फरशी. कमोड. गीझर. म्हाताऱ्या माणसांना उठताना धरायला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा. मी त्या दांड्याला हात लावला. गार होता, हलला नाही. माझ्या बाथरूममध्ये मी गेली सहा वर्षं नळाला धरून उठते.

घरी येऊन ह्यांच्यावरच भडकले. "तुम्हाला जन्मात एक दांडा लावता आला नाही!"

"कसला दांडा?" हे पेपर खाली करून म्हणाले.

"काही नाही. वाचा तुम्ही पेपर."

तेवढ्यात आम्हाला गिऱ्हाईकही मिळालं होतं. अर्पित आणि रुची, नवराबायको, दोघं पलासियाला कोचिंग क्लासमध्ये शिकवतात. तीनदा घर बघून गेले. तिसऱ्या वेळी रुचीने टेपने हॉल मोजला आणि अर्पित म्हणाला, "काकूजी, आम्हाला ना हे घर बिलकुल जमलं. तुमचं हो आलं की बस." भाव ह्यांनी सांगितलेलाच त्यांनी मान्य केलेला. हो म्हणायला काय जात होतं? पण माझ्या तोंडातून हो निघेना. आम्ही खाली उतरणार आणि इंदिरा वर चढणार, हे काही मला गिळवत नव्हतं. "जयंती होऊन जाऊ द्या, मग सांगते," म्हटलं.

मार्चच्या शेवटी सखुअक्काचा फोन आला. "मंजुळा, जय भीम. ह्या वेळी आम्ही अठ्ठावीस जण येतोय गं. इंदिराकडे उतरणार आहोत. तिने वर खोल्या काढल्यात ना. तू आता आराम कर. संध्याकाळी भेटायला ये हो."

भेटायला ये! तीस वर्षं ज्या माणसांची अंथरुणं मी घातली, ज्यांच्या पोरांचे ताप मी उतरवले, त्यांना आता मी भेटायला जायचं? वाटी पुढे करून बसायचं पाहुणीसारखं? फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, "अर्पितला नाही म्हणा. घर विकायचं नाही."

"अगं, तूच म्हणालीस ना धर्मशाळा बंद?"

"म्हणाले! म्हणून काय लगेच शेजारी दुसरी उघडायची?"

ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "मंजू, तुला घर हवंय की माणसं हवीत?"

"इंदिराला मिळायला नकोत," मी म्हटलं. निघून गेलं तोंडातून. ह्यांनी पुन्हा चष्मा चढवला. पण अर्पितला नाही असं त्यांनी कळवलंच नाही, हे मला नंतर समजलं.

पुढचे आठ दिवस मी नुसती तडफडत होते. इंदिराकडे गाद्यांचा टेम्पो आला. इंदिराने मोठी पातेली आणली. इंदिरा मला विचारायला आली, "ताई, तीस माणसांना तुम्ही डाळ किती घालता हो?" सांगितलं नाही मी. "अंदाजाने," म्हटलं. गेली बिचारी खाली मान घालून.

आणि मग आठ एप्रिलला मी तो फोन केला.

"अक्का, काळजी वाटते म्हणून सांगते हं. इंदिराचं वरचं बाथरूम गळतंय. सगळं पाणी खाली हॉलमध्ये, प्लास्टर ओलं, घाण वास. ती काही तोंडाने सांगणार नाही, लाजते. तुमचे पाय असे, कुठे घसरलात म्हणजे? त्यापेक्षा इकडेच या ना, नेहमीसारखं."

"अगं बाई," अक्का म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. बघते."

माझा जीव असा थंड झाला म्हणून सांगू! दहा किलो कणीक दळून आणली. गाद्या गच्चीवर टाकल्या, चादरी धुतल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी गाणं गुणगुणत होते. हे बघत होते, पण विचारत नव्हते.

तेरा तारखेला सकाळी पोहे भिजवले. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता मी फाटकात जाऊन उभी राहिले. एक ऑटो थांबला, तो समोरच्यांकडचा निघाला. दुपारी पोहे आम्ही दोघांनीच खाल्ले, उरलेले गाईला घातले. चार वाजता अक्काचा फोन.

"मंजुळा, आम्ही सरळ महूलाच आलो गं. इथे एका शाळेत उतरायची सोय केलीय. कसं आहे, इंदिराचं घर तसं, आणि तुमचं तर विकायला काढलेलं. आता दोघींनाही कशाला त्रास? इंदिराला मी गळण्याचं काही बोलले नाही हं. ओशाळी होईल पोर. इकडेच सोय झाली एवढंच सांगितलं."

फोन हातात तसाच राहिला माझ्या. हॉलमध्ये बारा गाद्या घातलेल्या होत्या. त्यांच्यावर स्वच्छ चादरी होत्या. हे आले, एका गादीवर बसले आणि म्हणाले, "आलं नाही का कुणी?" मी म्हटलं, "नाही." दुसऱ्या दिवशी हे एकटे महूला जाऊन आले. मी गुडघ्याचं निमित्त केलं.

पंधरा तारखेला सकाळी इंदिरा आली. मी चहा टाकत होते. स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि एकदम रडायलाच लागली.

"ताई, एक माणूस नाही आलं हो. अठ्ठावीस गाद्या घातल्या होत्या."

मी साखर शोधायला लागले. डबा समोरच होता.

"तुम्हाला खरं सांगू? मी फार जळायची तुमच्यावर. दर वर्षी तुमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मला वाटायचं, एकदा तरी माझ्या दारात पडू दे. तुम्ही दिवाळीत म्हणालात ना, आता माझ्याकडे बघू नका, तेव्हा घरी जाऊन ह्यांना म्हटलं, आपण खोल्या काढू. माणसं उतरणार कुठे नाहीतर? ह्यांनी पीएफ काढला." तिने पदराने नाक पुसलं. "पण माणसं काय बाथरूमसाठी येतात का? ती तुमच्यासाठी येत होती. तुमची बरोबरी मला नाही जमायची, ताई. मी वर भाडेकरू ठेवते. तुम्ही घर विकू नका. पुढच्या वर्षी सगळे तुमच्याकडेच."

नोव्हेंबरपासून मला हेच ऐकायचं होतं. शब्दन् शब्द हाच. आणि ऐकलं तर काय, मला लाज वाटली, इतकी लाज की तिच्याकडे वळून बघवेना. चहा उतू गेला.

"इंदिरा," मी गॅसकडे बघत म्हटलं, "तुझं बाथरूम गळतंय असं मी अक्काला सांगितलं."

"गळत नाही माझं बाथरूम."

"ठाऊक आहे मला."

तिने उठून गॅस बंद केला. तीस वर्षांत ह्या बाईने मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. आता म्हणाली, "अक्काला फोन लावा. माझ्यासमोर. स्पीकरवर."

लावला. काय करते?

"अक्का, जय भीम. इंदिराचं बाथरूम गळत नाही. कधी गळलंच नाही. मी खोटं बोलले."

"का गं?"

"जळून."

मग अक्काचा आवाज आला, "म्हणजे त्या शाळेच्या फरशीवर आम्ही उगाच झोपलो? अगं, माझी कंबर अजून सरळ होत नाही!"

"माझ्यामुळे, अक्का."

इंदिराने माझ्या हातातून फोन घेतला. डोळे लाल होते, पण आवाज अगदी सरळ. "अक्का, पुढच्या वर्षी सगळे माझ्याकडे उतरायचं. ताईपण माझ्याकडेच असतील. त्यांचं घर तोवर विकलेलं असेल."

स्वयंपाकघराच्या दारात हे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघत राहिले. नाही म्हणता आलं असतं मला. घर माझं, तोंड माझं. इंदिराने फोन माझ्यापुढे धरून ठेवला होता.

"हो अक्का," मी म्हटलं. "विकलं आम्ही."

हे बाहेर जाऊन अर्पितला फोन करायला लागले. इंदिरा चहा न घेताच गेली. चूक माझी होती आणि झालं ते बरोबरच झालं, सगळं कबूल आहे मला. तरी पुढच्या तेरा एप्रिलला ती अठ्ठावीस माणसं तिच्या जिन्याने वर चढणार, ह्या विचाराने पोटात दुखायचं ते दुखलंच.