रोझाल मावशीची माती

युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. त्या जूनमध्ये हंगेरीतल्या चर्चच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि एतेलला घोर लागला. तिचा नवरा वेंदेल बावीस वर्षं गावचा मास्तर, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवून गाणाराही तोच. राहतं घर शाळेचं. तालुक्याच्या साहेबाने कागद पुढे सरकवला: शाळा हवी तर चर्चमधलं आणि कबरीवरचं गाणं बंद.

"तीन पोरी आहेत पदरात," एतेल म्हणाली. "करा अहो सही."

वेंदेलने केली. दुसऱ्या दिवशी दुकानात खाटकाच्या बायकोने, युलिशने, टोमणा मारलाच. "मास्तरांचा गळा कितीला गेला गं?"

आठवड्याने शेजारची रोझाल मावशी वारली. एतेलची तिन्ही बाळंतपणं तिनेच केलेली. निरोपाच्या गाण्याशिवाय या गावात कुणाला मूठमाती मिळाली नव्हती.

"मी जातो," वेंदेल कोट चढवत म्हणाला.

"तुम्ही उंबरा ओलांडायचा नाही! घर जाईल."

ती एकटीच दफनभूमीत गेली. फादरची प्रार्थना संपली. गाण्याची वेळ आली, पण कुणी पुढे होईना. फाटकाशी एक टोपीवाला अनोळखी माणूस लोकांचे चेहरे न्याहाळत होता. साहेबाचाच माणूस असणार, एतेलने ओळखलं. पण मावशीला असं मुक्याने कसं जाऊ द्यायचं? तिने गायला सुरुवात केली. पहिलं कडवं चिरकलंच. दुसऱ्याला बायकांनी सूर धरला.

सकाळी साहेब दारात. "काल कोण गायलं?"

वेंदेल पुढे झाला, पण त्याच्या आधी तीच बोलली. "मी. कागदावर माझी सही नाही, साहेब."

साहेबाने वही काढली. "बायकोला आवरा, मास्तर," एवढंच म्हणाला आणि वहीत काहीतरी खरडून निघून गेला.

मग उन्हाळाभर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की ती हातातलं काम टाकून दाराशी यायची. ऑगस्टमध्ये बदलीचा हुकूम आला: दूर माळावरच्या वस्तीची शाळा, घर मिळेल की नाही याचा पत्ता नाही.

गाडीत सामान चढत असताना युलिश खसखशीची गरम पोळी घेऊन आली. ती तिने एतेलच्या हातात दिली.

"आता आमच्या माणसांना कोण गाणार गं?"

"तूच गा," एतेल म्हणाली. "सगळी कडवी लिहून फादरकडे दिलीत. आणि दुसऱ्या ओळीला घाई करू नकोस, तिथे श्वास पुरत नाही."